निवृत्तीआधी आजारपणाच्या खर्चाची तयारी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात, ग्रुप फोटो निघतो. बहुतेक खासगी नोकरदारांचा कंपनीचा मेडिक्लेमही त्याच दिवशी संपतो. ते लक्षात येतं तीन-चार महिन्यांनी, दवाखान्याची पायरी चढल्यावर. मग धावपळीत पॉलिसी काढली जाते, आणि ज्या गुडघ्यासाठी ती काढली त्याच गुडघ्याला दोन-तीन वर्षं संरक्षण नाही हे पॉलिसी हातात आल्यावर कळतं.

ओळखीतल्या लोकांच्या फायली मी अनेक वर्षं बघतोय. पैसे कमी पडले म्हणून अडकलेले लोक त्यात थोडे दिसले. जास्त अडकले ते क्रम चुकल्यामुळे. आधी फंडाची रक्कम मुदत ठेवीत टाकली, मग मुलाच्या फ्लॅटला हातभार लावला, मग पर्यटन झालं आणि विमा राहिला शेवटी. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. वय ५५ ते ५७ असेल तर उत्तम. साठी ओलांडली असेल तरी पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा, मधूनच उडी मारू नका.

## तयारी: एक फाईल, एक वही

कामाला लागण्याआधी एका फाईलमध्ये हे कागद एकत्र करा: दोघांची आधार कार्डं, पॅन, रेशन कार्ड, चालू असलेल्या सगळ्या पॉलिसी (फक्त पावत्या चालत नाहीत, अटींसकट पूर्ण पुस्तिका हवी), मागच्या पाच वर्षांचे तपासणी अहवाल, आणि प्रत्येक कायमच्या गोळीचं सर्वात जुनं प्रिस्क्रिप्शन.

ते जुनं प्रिस्क्रिप्शन फेकू नका. त्याचं महत्त्व तिसऱ्या टप्प्यात कळेल.

तपासा: दोघांच्या आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे का? जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या कार्डावर नुसतं वर्ष असतं, नाहीतर अंदाजाने टाकलेली १ जानेवारी. सत्तरीनंतरच्या सरकारी योजनेत वय आधारवरूनच धरतात, त्यामुळे ही दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

## टप्पा १: आपला हक्क कशावर आहे ते लिहून काढा

विमा विकत घेण्याआधी काय फुकट किंवा जवळपास फुकट मिळतं ते पाहा. लोक हे शेवटी पाहतात, किंवा पाहतच नाहीत.

केंद्र सरकारी निवृत्तांना सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, माजी सैनिकांना तशीच ईसीएचएस. सीजीएचएसची वर्गणी दरवर्षी भरता येते, किंवा दहा वर्षांची एकरकमी भरून आयुष्यभराचं कार्ड घेता येतं. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सुविधा चालू ठेवता येते. कारखान्यात आयुष्य काढलेल्या कित्येकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. निवृत्तीच्या कागदांसोबतच हा अर्ज करा.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिलेली नाही. पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही तिची दारं उघडली आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी पूर्ण झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. त्यातही ५ लाख, आणि उत्पन्नाची अट नाही. आधीच्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

सावधान: या योजना ठरलेल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय यादीत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जाऊन आजच विचारा. फोनवर "हो, आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. रुग्णालय यादीत असतं, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नसतं, असंही होतं.

या टप्प्याच्या शेवटी वहीत दोन ओळी याव्यात: आज आपल्याला कुठलं संरक्षण आहे, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यातलं काय उरेल.

## टप्पा २: स्वतःची पॉलिसी, नोकरीत असतानाच

नव्या पॉलिसीत तीन घड्याळं चालू होतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा नावनिशीवार यादीतल्या उपचारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने. ही शेवटची मर्यादा १ एप्रिल २०२४ पासून ४८ वरून ३६ वर आली.

म्हणजे हिशेब सरळ आहे. साठाव्या वर्षी निवृत्त होणार असाल, तर सत्तावन्नाव्या वर्षी पॉलिसी घ्या. कंपनीचा विमा तुम्हाला सांभाळत असतानाच ही तीनही घड्याळं संपून जातील. "तीन वर्षं दोन-दोन विम्यांचे पैसे कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. त्या तीन वर्षांचा प्रीमियम म्हणजे साठीनंतर पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण मिळावं म्हणून दिलेली किंमत. ती जड वाटत असेल तर ५ लाखांची साधी पॉलिसी घ्या, पण घ्या.

यात होणाऱ्या तीन चुका:

*मुलाच्या कंपनीत आमची नावं आहेत.* छान आहे. पण मुलगा नोकरी बदलेल तेव्हा ती नावं जातील, आणि नवी कंपनी आई-वडिलांना घेईलच असं नाही. तोवर तुम्ही अडुसष्ट वर्षांचे झालेले असाल.

*दोघांची मिळून एक फ्लोटर.* फ्लोटरचा प्रीमियम मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो आणि रक्कम दोघांत वाटली जाते. एकाला मधुमेह-हृदयविकार असेल आणि दुसरा ठणठणीत असेल, तर माझं मत स्वतंत्र पॉलिसींच्या बाजूने पडतं. एकाच्या मोठ्या आजारपणात दुसऱ्याचं संरक्षण संपून जाऊ नये.

*कंपनीच्या पॉलिसीतून बाहेर पडताना काहीच न विचारणं.* ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या काळातून वजा होतात. मात्र विमा कंपनी तुमची प्रकृती तपासून निर्णय घेते, आणि अर्ज नोकरी सुटण्याआधीच द्यावा लागतो. एचआरला दोन महिने आधी लेखी विचारा. तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका.

साठी उलटलेल्यांना पूर्वी ६५ च्या पुढे दारं बंद असायची. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी सर्व वयांसाठी योजना ठेवाव्यात असा नियम आहे. याचा अर्थ प्रत्येक अर्ज मंजूर होईल असा मात्र नाही. प्रकृती पाहून जादा प्रीमियम लावण्याचा किंवा नकार देण्याचा हक्क कंपनीला राहतो.

तपासा: वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. एजंटने दिलेल्या कोटेशनमध्ये अजून जीएसटीची ओळ दिसत असेल तर कागद जुना आहे. नवा मागा.

## टप्पा ३: प्रपोझल फॉर्म स्वतःच्या हाताने भरा

प्रपोझल फॉर्म म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज. हा टप्पा लोक दहा मिनिटांत उरकतात, आणि दाव्यांची भांडणं बहुतेक इथूनच उगवतात.

दृश्य ओळखीचं असेल. एजंट सोफ्यावर बसलेला, हातात टॅब, चहा थंड होतोय. "काका, काही आजार वगैरे?" "तसं काही नाही, बीपीची एक गोळी आहे." "ती सगळ्यांनाच असते." आणि बोट सरसर "नाही, नाही, नाही" वर फिरतं. चार वर्षांनी काकांना अॅटॅक येतो, रुग्णालयाच्या कागदावर "उच्च रक्तदाब, जुना" असं लिहिलं जातं, आणि विमा कंपनी प्रपोझल फॉर्म बाहेर काढते. एजंट तोवर दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो. सही काकांची असते.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. फॉर्मची कोरी प्रत मागा आणि घरी बसून पेन्सिलीने भरा. फाईलमधले अहवाल शेजारी ठेवा.

२. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, आणि ती कधी सुरू झाली तो महिना-वर्ष लिहा. इथे ते जुनं प्रिस्क्रिप्शन कामाला येतं.

३. झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया लिहा. पंचवीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्ससुद्धा.

४. ऑनलाइन भरत असाल तर ओटीपी देण्याआधी संपूर्ण फॉर्म वाचा. ओटीपी म्हणजे सही.

५. पॉलिसी आली की तिच्यासोबत जोडलेल्या फॉर्मची प्रत तुमच्या पेन्सिलीच्या प्रतीशी ताडून पाहा. चूक असेल तर लगेच लेखी कळवा. पटली नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

खरं लिहिल्याने प्रीमियम वाढेल, कदाचित वर्षाला काही हजारांनी. तो भरा. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, "तुम्ही माहिती लपवली" या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती. पण पाच वर्षं गप्प बसून काढू, हा डाव खेळू नका. अॅटॅक तुमच्या कॅलेंडरप्रमाणे येत नाही.

सावधान: विम्याची रक्कम नंतर वाढवली, तर वाढवलेल्या भागाची सगळी घड्याळं पुन्हा शून्यापासून सुरू होतात. वाढवायची असेल तर पन्नाशीतच वाढवा.

## टप्पा ४: अटींच्या पुस्तिकेतले चार आकडे शोधा

पूर्ण पुस्तिका कोणी वाचत नाही, मीही नाही. पण चार गोष्टींवर हायलायटर फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका: खोलीभाड्याची मर्यादा, को-पे, आजारनिहाय मर्यादा, आणि रुग्णालयात जाण्याआधीच्या व नंतरच्या खर्चाचे दिवस.

खोलीभाड्याचं उदाहरण घेऊन पाहू, कारण याचा फटका बिल येईपर्यंत कळत नाही. पॉलिसी ३ लाखांची, भाड्याची मर्यादा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. एकूण बिल २,४०,००० आलं: खोली ३०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग वगैरे १,२०,०००, आणि औषधं, तपासण्या, इम्प्लांट ९०,०००.

बहुतेकांना वाटतं, वरचे १५,००० आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची आहे, म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. १,२०,००० मधले ६०,००० मिळतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही कात्री चालवता येत नाही, त्यामुळे ९०,००० पूर्ण मिळतात. हाती येतात १,६५,०००. तुमच्या खिशातून ७५,००० जातात, आणि त्यात हातमोजे, मास्क, डायपर असल्या किरकोळ वस्तूंचं न मिळणारं बिल अजून धरलेलंच नाही.

भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी परवडत असेल तर तीच घ्या. नसेल, तर रोजच्या भाड्याचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून कार्डाच्या मागे चिकटवा. भरती करताना काउंटरवर "डिलक्स की ट्विन?" असं विचारतात, तेव्हा उत्तर देणारा माणूस घाबरलेला असतो.

को-पे २० टक्के असेल तर प्रत्येक दाव्यातला पाचवा हिस्सा तुमचा. ज्येष्ठांच्या खास म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत हा असतोच असं समजून शोधा.

## टप्पा ५: वरचा मजला सुपर टॉप-अपचा

मूळ पॉलिसी फार मोठी घेतली तर प्रीमियम झेपत नाही. त्यापेक्षा ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर १५-२० लाखांचं सुपर टॉप-अप, ही जोडी स्वस्त पडते.

शब्दांत फसू नका. टॉप-अप म्हणजे ठरलेल्या रकमेच्या (डिडक्टिबलच्या) वरचंच बिल देणारी जोड-पॉलिसी. साधं टॉप-अप प्रत्येक भरतीचं बिल वेगळं मोजतं. ५ लाख डिडक्टिबल असेल आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली, तर टॉप-अप एक रुपया देणार नाही, कारण एकही बिल ५ लाखांच्या वर गेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतं: ८ लाख झाले, त्यातले वरचे ३ लाख ते देतं. नावात "सुपर" आहे का ते बघा. त्याच्याही प्रतीक्षेची घड्याळं वेगळी असतात, म्हणून मूळ पॉलिसीबरोबरच काढा.

## टप्पा ६: आजारपणाचा निधी वेगळा काढा

विमा असूनही पैसा लागतोच, आणि तो तीन ठिकाणी लागतो. त्यांचा एकत्र हिशेब करू नका.

प्रीमियमचा निधी. पॉलिसी घेताना लोक आजचा प्रीमियम पाहतात, पंचाहत्तरीतला पाहत नाहीत. ज्येष्ठांच्या प्रीमियममध्ये वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर विमा कंपनीने आधी आयआरडीएआय या विमा नियामकाशी बोलावं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. तेव्हा १० टक्के धरूनच हिशेब करू. आज दोघांचा प्रीमियम ४०,००० असेल, तर या वेगाने तो दहा वर्षांनी १ लाख ४ हजारांच्या आसपास जातो आणि वीस वर्षांनी २ लाख ६९ हजारांवर. वीस वर्षांत भरायच्या हप्त्यांची बेरीज जवळपास २३ लाख. बाजूला ठेवलेल्या पैशावर कर जाऊन ७ टक्के मिळत असतील, तर या वीस हप्त्यांसाठी आज साधारण साडेदहा लाख वेगळे हवेत. आकडा पाहून धक्का बसतो हे मला माहीत आहे. तो साठीला बसलेला बरा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हप्ता झेपत नाही म्हणून पॉलिसी सोडणारे मी पाहिलेत, म्हणजे नेमक्या गरजेच्या वर्षांत.

हातातली रक्कम. अनामत, खोलीभाड्याचा फरक, न मिळणाऱ्या वस्तू, बाहेरून आणायची औषधं. ५ लाखांची मूळ पॉलिसी असेल तर मी ३ लाख धरतो. कॅशलेस (विमा कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देणं) नाकारलं गेलं तर पहिले दोन दिवस तेवढ्यात निघतात.

घरचं आजारपण. रुग्णालयातून घरी आल्यावर दिवसपाळीची बाई, रात्रपाळीची नर्स, फिजिओथेरपी, भाड्याचा पलंग. यातलं फार थोडं विम्यात बसतं. तुमच्या भागातल्या ब्युरोला फोन करून मासिक दर विचारा, त्याला सहाने गुणा, तो आकडा वहीत लिहा. दातांची कवळी आणि श्रवणयंत्रंही याच खात्यात.

दरमहाच्या गोळ्या मात्र निधीत धरू नका, त्या घरखर्चात धरा. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

## टप्पा ७: पैसा कुठे ठेवायचा

इथे सविस्तर गुंतवणूक सांगत नाही, निधीपुरतं बोलतो.

हातातली रक्कम बचत खात्याला जोडलेल्या स्वीप ठेवीत ठेवा, म्हणजे कार्ड फिरवलं की ठेव आपोआप मोडते. स्वीप नको असेल तर एक मोठी एफडी करण्यापेक्षा ५०-५० हजारांच्या सहा करा. लागेल तेवढीच मोडता येते.

नियमित उत्पन्नासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना: कमाल ३० लाख, पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. वयाच्या ५५ ते ६० दरम्यान निवृत्त झालात तरी निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ही मुदत लोक हमखास चुकवतात. आजारपणाची तातडीची रक्कम मात्र यात अडकवू नका. पहिल्या वर्षातच खातं मोडलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, आणि नंतरही दीड किंवा एक टक्का कपात होते.

सावधान: एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी गावच्या पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हे वाचा. बँकेतली ठेव प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमित असते. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. आणि बँकेवर निर्बंध आले तर विमित रक्कमसुद्धा मिळायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमच्या आयसीयूच्या बिलाला एवढा धीर नसतो. पैसा किमान दोन बँकांत विभागा.

## टप्पा ८: जोडीदाराचा हात पैशापर्यंत पोचतो का?

या टप्प्याला पैसे लागत नाहीत, आणि तरी तोच सर्वात जास्त राहून जातो.

आमच्या नात्यातली गोष्ट. काका व्हेंटिलेटरवर. ठेवी अठरा लाखांच्या, सगळ्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी काकू. काकू पावत्या घेऊन बँकेत गेल्या. मॅनेजर भला माणूस होता, पण त्याचेही हात बांधलेले. नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतर सुरू होतो, काका तर जिवंत होते. त्या रात्री काकूंच्या बांगड्या गहाण पडल्या. घरात अठरा लाख असताना.

करायची कामं:

१. मुख्य बचत खातं दोघांच्या नावावर करा, आणि व्यवहाराची पद्धत "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशी नोंदवा. नुसतं दुसरं नाव घालून भागत नाही.

२. ठेवीही तशाच करा. पण मुदतीआधी मोडताना बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात. तुमच्या शाखेत काय लागतं ते विचारा आणि हातातली रक्कम सह्यांच्या फेऱ्यात अडकणार नाही अशी ठेवा.

३. जोडीदाराच्या नावाचं वेगळं डेबिट कार्ड घ्या, आणि त्या व्यक्तीला एटीएमवर नेऊन स्वतः पैसे काढायला लावा. "तिला जमत नाही" हे उत्तर चालणार नाही. दोनदा केलं की जमतं.

४. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. देणारा माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की आपल्या कायद्यात ते संपुष्टात येतं, म्हणजे स्मृतिभ्रंश किंवा कोमात, नेमकं गरजेच्या वेळी.

५. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

तपासा: जोडीदाराला विचारा, "मी आत्ता बेशुद्ध पडलो, तर रात्री अकरा वाजता दोन लाख कुठून आणशील?" उत्तराला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ९: भरतीच्या दिवशी

ठरवून केलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन-तीन दिवस आधी कॅशलेसची पूर्वपरवानगी मागा. अचानक भरती असेल तर २४ तासांत कळवा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वपरवानगीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीने सोसायची. हा नियम टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर शांतपणे बोलून दाखवा, फरक पडतो.

आता सर्वात बारीक आणि सर्वात महाग चूक. भरतीच्या वेळी निवासी डॉक्टर रुग्णाचा इतिहास विचारतो. पेशंट गुंगीत, म्हणून मुलगा उत्तर देतो. "बीपी कधीपासून?" "होतील दहा-बारा वर्षं." प्रत्यक्षात गोळी सुरू होऊन चार वर्षं झालेली असतात. पण कागदावर "१२ वर्षं" उमटतं, आणि पॉलिसी साडेचार वर्षांपूर्वीची. विमा कंपनीच्या नजरेत आता तुम्ही आजार लपवलेला असतो.

अंदाजाने उत्तर देऊ नका. कार्डाच्या पाकिटात प्रत्येक आजाराचा सुरुवातीचा महिना-वर्ष लिहिलेला एक कागद ठेवा आणि तो डॉक्टरला दाखवा. डिस्चार्ज समरीवर सही करण्याआधी हीच ओळ वाचा. चूक दुरुस्त करून घेण्याची ती शेवटची सोपी वेळ.

घरी आल्यावर काम संपत नाही. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांची त्याच आजाराची औषधं, तपासण्या आणि फेरतपासणीची फी मिळते. हे पैसे निम्मे लोक मागतच नाहीत. प्रत्येक बिलावर रुग्णाचं नाव आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी.

## टप्पा १०: दावा नाकारला तर

फोनवर भांडू नका. नकार लेखी मागा, आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं असू द्या. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा.

महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो आणि तो विमा कंपनीवर बंधनकारक असतो. सुनावणीला जाताना प्रपोझल फॉर्मची प्रत, ते सर्वात जुनं प्रिस्क्रिप्शन आणि दुरुस्त केलेली डिस्चार्ज समरी वरच्या बाजूला ठेवा. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज पोचायला हवा, म्हणून फेटाळल्याची ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा.